सोडत घरांची, लिलाव गाळ्यांचा

म्हाडा घरांची सोडत काढते आणि आपल्या वसाहतींतल्या दुकानांचा लिलाव करते. घर गरजेप्रमाणे, गाळा बोलीप्रमाणे. सरकारी घरांच्या जमिनीवर हे दोन न्याय आले कुठून, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची.

गिरणगावात तेवढ्याशा खोलीतही धंदा होता. बायकामुलांना गावी ठेवून आलेला गिरणी कामगार महिन्याचे पैसे भरून कुणा बाईच्या खोलीत जेवायचा. ती खानावळ कुठल्याच नकाशात नव्हती, पण गिरण्या तिच्याच जेवणावर चालल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. सरकारी वस्तीतल्या व्यवसायाचा इतिहास मी तरी इथूनच मोजते. नियमावली फार नंतरची.

नियमांनी धंद्याकडे पाहिलं ते वेगळ्याच नजरेनं. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. तेव्हाच्या नियमानं पात्र झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं घर मोफत. दुकानदाराला असेल तेवढी जागा, पण मोफत मिळणार ती फार तर २२५ फूटच. या सगळ्याचा खर्च विकासकानं त्याच जमिनीवर बाजारभावानं विकायच्या बांधकामातून काढायचा. वाण्याचा गाळा पुनर्वसनात बसला आणि व्यापारी जागा योजनेचा खजिना झाली.

याचा चटका बसला तो मुंबईच्या रस्तेरुंदीकरणात. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या नागरी वाहतूक प्रकल्पात कुर्ल्याच्या दुकानदारांची मोठी दुकानं जाणार होती आणि बदल्यात मिळणारा गाळा लहान, तोही रोजच्या गिऱ्हाईकापासून दूर. त्यांनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामाचा निधी काही महिने थांबवला. घर हलवता येतं, पण दुकानाबरोबर गिऱ्हाईक हलत नाही, एवढी साधी गोष्ट या तक्रारीमागे होती.

आता म्हाडाच्या पुनर्विकासात त्या बीडीडी चाळी पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण उंच इमारतीत खालून हाक मारून डबा मागता येत नाही. म्हणून अशा वसाहतींच्या तळमजल्यावरचे काही गाळे लिलावातून वगळून तिथल्याच बचतगटांना ठरलेल्या भाड्यानं द्यावेत, अशी माझी मागणी आहे.