त्रास होण्याआधीची तपासणी

“मला काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला?” गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण हा रोग वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. त्रास जाणवेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

त्याच्या मुळाशी असतो एचपीव्ही हा विषाणू. १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात या रोगाचा माग काढायचं ठरलं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. कुठे पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, कुठे व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, कुठे एचपीव्हीची चाचणी.

ही चाचणी मला फार आवडते. छोट्या ब्रशने घेतलेल्या पेशींवर आधी अल्कली घालतात. त्याने डीएनएची दुपदरी शिडी मधोमध उसवते. मग विषाणूच्या डीएनएला नेमके जुळणारे आरएनएचे, म्हणजे डीएनएच्याच भावंडाचे, तुकडे सोडतात. नमुन्यात विषाणू असेल तर डीएनएचा एक पदर आणि आरएनएचा एक, अशी संकरित जोडी जमते. शरीरातल्या डीएनएशी हे तुकडे जुळतच नाहीत. प्लेटमधल्या छोट्या खळग्यांच्या भिंतीवरची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तेवढीच संकरित जोडी धरून ठेवतात, बाकी सारं धुऊन जातं. शेवटी एक रसायन घातलं की जोडी असेल तिथे प्रकाश पडतो. तो यंत्राने मोजायचा. इथे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याच्या अंदाजावर काही अवलंबून नाही.

आयुष्यात एकदाच केलेली ही चाचणी, आणि दोष सापडला तिथे उपचार. आठ वर्षांत या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या गटाला माहिती दिली गेली, पण तपासणी नाही, यावर टीका झाली. ती मला रास्त वाटते.

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असं नाही. बहुतेकींचं शरीर हा विषाणू दोनेक वर्षांत स्वतःच घालवतं. तो शरीरसंबंधातून पसरतो म्हणून बाईच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. ‘अंगातली उष्णता’ म्हणून काढे पीत बसणंही तितकंच घातक.

तेव्हा नमुना घ्यायला प्रशिक्षित परिचारिका लागत. आता जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः घेतलेला नमुनाही मान्य केला आहे. न्हाणीघराचं दार लावून बाई तो पाच मिनिटांत घेऊ शकते.