गरोदरपणातल्या दोन लसी: फ्लूची आणि डांग्या खोकल्याची

ऑस्ट्रेलियात गरोदर बाईला तपासणीच्या वेळी ज्या लसी हमखास सुचवतात, त्यांतल्या दोन इथे बघू. एक फ्लूची, दुसरी डांग्या खोकल्याची. दोन्ही दंडावर टोचायच्या, दोन्ही मोफत, दोन्ही खोकल्याच्या आजारांवरच्या. मग पुढच्या तपासणीला "लस झाली का?" असं विचारलं की "हो, झाली" असं उत्तर येतं आणि कोणती झाली हे विचारायचं राहून जातं. एकीवर दुसरीचं काम भागत नाही. हा घोटाळा कुणाच्याही बाबतीत वाईटच, पण अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी बायकांना तो सगळ्यात महाग पडतो. म्हणून हे नीट वेगळं करून सांगायला हवं.

फ्लूची लस आधी आईसाठी असते. पोट वाढतं तशी फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर ताण येतो, शरीराची प्रतिकाराची पद्धतही बदलते. एरवी चार दिवस अंथरुणात काढून बरा होणारा फ्लू अशा वेळी न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. २००९ च्या स्वाईन फ्लूच्या साथीत जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ७२२ रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाले. त्यांतल्या ६६ जणी गरोदर होत्या, म्हणजे नऊ टक्के. एकूण लोकसंख्येत गरोदर बायका एक टक्क्याच्या आसपास असतात. ऑस्ट्रेलियातल्या अशा रुग्णांत जवळजवळ दहातला एक मूळनिवासी होता, आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा तेव्हा अडीच टक्के होता. गरोदर आणि मूळनिवासी अशा दोन्ही गटांत जी मोडते, तिच्यावरचा धोका यावरून ओळखावा.

हा फरक रक्तातला नाही, हे ठासून सांगावंसं वाटतं. एका घरात दाटीवाटीने राहणारी माणसं, कमी वयात गाठणारा मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे विकार, आणि दवाखाना शेकडो किलोमीटर लांब. फ्लूला याहून जास्त काही लागत नाही.

आईला टोचलेल्या लसीचा फायदा बाळालाही मिळतो, कारण तिच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे जातात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, तेव्हा तोवर त्याला आईचाच आधार. बांगलादेशात झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: लस घेतलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांमध्ये तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला.

डांग्या खोकल्याच्या लसीची गोष्ट नेमकी उलटी. इथे आईच्या जिवाला सहसा धोका नसतो, सगळी काळजी बाळाची. मोठ्या माणसाला या आजारात खोकल्याची उबळ येते आणि शेवटी श्वास ओढतानाचा तो ओळखीचा आवाज होतो. महिन्याभराच्या बाळात पुष्कळदा तो आवाजच नसतो. बाळ दूध ओढता ओढता थांबतं, श्वास थांबतो, ओठ निळसर पडतात. खोकला इतका बारीक असतो की सर्दीच वाटावी. २०१५ मध्ये पर्थमध्ये जेमतेम महिन्याचं एक बाळ असंच गेलं. त्याच्या आईवडिलांनी त्यानंतर गरोदरपणातल्या लसीसाठी देशभर आवाज उठवला. बाळाची स्वतःची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची होते, आणि त्याआधीचे दिवसच सर्वांत घातक. ब्रिटनने २०१२ पासून गरोदरपणात ही लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा लस घेतलेल्या आयांच्या लहान बाळांमध्ये हा आजार सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी दिसला.

आता वेळेचं. गोंधळ मुख्यतः इथेच होतो.

फ्लूची लस हंगाम बघून घ्यायची. कितवा महिना आहे याला महत्त्व नाही. पहिल्या महिन्यातही चालते, नवव्यातही. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी नवी, आणि ऑस्ट्रेलियात ती साधारण एप्रिलमध्ये येते. गरोदर राहण्याआधी त्याच वर्षी घेतली असली तरी बाळासाठी गरोदरपणात पुन्हा घ्यायला सांगतात. डार्विनसारख्या उत्तरेकडच्या उष्ण भागात फ्लू फक्त थंडीची वाट बघत नाही, पावसाळ्यातही फिरतो. "अजून हंगाम आला नाही" म्हणून तिथे थांबणं बरोबर नाही.

डांग्या खोकल्याच्या लसीला हंगामाशी देणंघेणं नाही, तिथे आठवडे मोजायचे. २० ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान एक डोस, आणि तो प्रत्येक गरोदरपणात, कारण आईच्या अँटीबॉडीज लवकर ओसरतात. आपल्या हिशेबाने, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की घ्यायची आणि डोहाळजेवणाच्या गडबडीत विसरायची नाही.

दूरच्या वस्त्यांमधल्या अ‍ॅबोरिजिनल बायकांसाठी तर मी म्हणेन, विसावा आठवडा लागताच घ्यावी. त्यांच्यात मुदतीआधी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण जास्त आहे, आणि लस टोचल्यावर अँटीबॉडीज तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. शिवाय अशा वस्त्यांतल्या पुष्कळ जणींना शेवटच्या तीन-चार आठवड्यांत घर सोडून डार्विन किंवा अ‍ॅलिस स्प्रिंग्ससारख्या शहरात बाळंतपणाची वाट बघत राहावं लागतं. तिथे पोचल्यावर घेऊ म्हटलं तर योग्य वेळ टळून गेलेली असते. बाई तपासणीला आली आहे आणि दोन्ही लसी बाकी आहेत, तर एकाच दिवशी दोन दंडांवर दोन्ही देता येतात. पुढच्या वेळेवर ढकलण्यात काहीच मिळत नाही.

मग बायका का घेत नाहीत? अनेकदा कारण साधं असतं: त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. डॉक्टर, नर्स किंवा मिडवाइफने स्वतःहून सुचवलं की लस घेण्याचं प्रमाण वाढतं, हे वारंवार दिसलं आहे. भीतीही असते आणि तिला इतिहास आहे. २०१० मध्ये तिथल्या एका कंपनीच्या फ्लूच्या लसीनंतर लहान मुलांना तापात झटके येऊ लागले आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण थांबवावं लागलं. तो प्रश्न एका लसीचा आणि त्या वयाच्या मुलांचा होता. पण भीती एवढा तपशील लक्षात ठेवत नाही, आणि सरकारी यंत्रणेने पिढ्यान्‌पिढ्या मुलं आयांपासून तोडलेली ज्या मूळनिवासी समाजाने पाहिली, त्याच्याकडून आंधळा विश्वास मागायचा हक्कही कुणाला नाही. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या, समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्यकेंद्रांचं मोल इथे कळतं. ओळखीची आरोग्यसेविका शांतपणे बसून सांगते, की गरोदरपणात देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही, दंड दुखेल, कदाचित कणकण वाटेल. ते ऐकलं जातं.

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी मुलींची चूक थोडी निराळी होते. भारतात पहिली तपासणी करून आलेली मुलगी सांगते, "इंजेक्शन झालंय माझं." ते असतं टीटी किंवा टीडी. त्यात धनुर्वात आहे, टीडीत घटसर्पही आहे, पण डांग्या खोकला नाही. ऑस्ट्रेलियातल्या लसीत तिन्ही असतात. तेव्हा भारतातला कागद दाखवून लसीचं नाव वाचून घ्यावं. आणि बाळंतपणासाठी पुण्या-नाशिकहून येणाऱ्या आईने किंवा सासूबाईंनी गेल्या दहा वर्षांत डांग्या खोकल्याची लस घेतली नसेल, तर बाळाला हातात घेण्याच्या निदान दोन आठवडे आधी ती टोचून घ्यावी.