अंतःस्तराधीन रोहिणी-शिथिलन

रक्तवाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा जो एकपदरी थर असतो त्याला अंतःस्तर म्हणतात. या थराच्या मध्यस्थीने काही औषधांमुळे रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीच्या) भित्तीतील अरेखित, म्हणजे इच्छेविना चालणारे, स्नायू सैल पडतात, त्या क्रियेस अंतःस्तराधीन शिथिलन असे म्हणतात. नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या नावांनीच ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्राच्या अभ्यासात चेतातंतूंचे संदेश पोहोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन आणि छातीदुखीवर दिली जाणारी नायट्रेट औषधे येतात. या दोहोंतील फरक समजण्याची किल्ली याच थरात आहे.

जिवंत प्राण्यात अ‍ॅसिटिलकोलीन रक्तवाहिन्या रुंदावते, पण शरीराबाहेर काढलेली रोहिणीची पट्टी मात्र त्याच द्रव्याने आकुंचन पावे. हे कोडे १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी सशाच्या महारोहिणीवर उलगडले. पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जाई आणि अंतःस्तर निघून जाई. तो जपला, की शिथिलन दिसे. पुढे त्यांनी अंतःस्तर नसलेली पट्टी अंतःस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तेव्हा पहिलीही सैल पडली. थरातून काहीतरी पाझरते, याचा इतका साधा आणि निर्णायक पुरावा शरीरक्रियाविज्ञानात विरळाच.

ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे १९८७ पर्यंत स्पष्ट झाले. अ‍ॅसिटिलकोलीन किंवा शरीरातच बनणारे ब्रॅडिकायनीन हे द्रव्य अंतःस्तर-पेशीच्या ग्राहीवर (संकेत स्वीकारणाऱ्या रेणूवर) बसले, की पेशीतील कॅल्शियम वाढते आणि एक एंझाइम आर्जिनीन या अमिनो अम्लापासून हा वायू बनवते. काही सेकंदच टिकणारा हा वायू शेजारच्या स्नायुपेशीत शिरून चक्रीय जीएमपी हा पेशीतील संदेशवाहक रेणू वाढवतो, त्यामुळे तेथील कॅल्शियम घटते आणि स्नायू सैल पडतो. लहान रोहिण्यांत याखेरीज अन्य संकेतही काम करतात. या शोधमालिकेसाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रोग्लिसरीनसारख्या नायट्रेट औषधांपासून स्नायूतच नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्यामुळे त्यांना अंतःस्तराची गरज नसते. रोहिणीकाठिण्याने थर दुबळा झालेल्या हृद्‌रोहिणीत अ‍ॅसिटिलकोलीन उलट आकुंचन घडवू शकते, नायट्रोग्लिसरीन मात्र तिला रुंदावते. म्हणूनच दोन्ही औषधांच्या परिणामांची तुलना करून अंतःस्तराची स्थिती जोखता येते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या घरात जातो, तेव्हा याच वायूच्या साहाय्याने त्वचेतील वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात आणि घामाने शरीरातील पाणी घटलेले असते. अशा वेळी छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवलेल्या नायट्रेटच्या गोळीने रक्तदाब एकदम उतरून घेरी येऊ शकते. म्हणून ती बसूनच घ्यावी. सिल्डेनाफिल हे औषध चक्रीय जीएमपीचे विघटन रोखते, त्यामुळे ते नायट्रेटबरोबर घेणे जिवावर बेतू शकते.