लाकडाला मारलेला स्टेन डागडाग का येतो आणि तसा येऊ नये म्हणून काय करायचं

आमच्या दुकानात स्टेनची तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक पायरीवरूनच कळतं. हातात अर्धा डबा, झाकणाला फडकं गुंडाळलेलं आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अहो तुमचा रंग डागडाग येऊलालाय की." मग आम्ही डबा उघडतो, काठी तळापर्यंत घालतो आणि बहुतेक वेळा तळाला बोटभर चिखल तसाच बसलेला सापडतो. म्हणजे पहिल्या फळीला वरचं पाणी लागलं, शेवटच्या फळीला खालचा चिखल लागणार, दोन्हीचा रंग एक कसा येईल सांगा.

म्हणून हे पत्रक. काउंटरवर गर्दी असली की एवढं सगळं सांगायला होत नाही आणि गणपतीच्या आधी तर उभं राहायलाही जागा नसते. घरी जाऊन निवांत वाचा, पण डबा उघडायच्या आधी वाचा.

आमची पण एक चूक सांगून टाकतो. आमचं काउंटर पाइनच्या फळ्यांचं आहे, आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीन ज्या खोक्यातून येतात त्यातल्या फळ्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या आणि भर जुलैत घाईघाईत स्टेन मारला, तोही दोन वेगळ्या बॅचचे डबे एकत्र न करता. आज उजवी बाजू अक्रोडी आहे, डावी लालसर आहे आणि मधे एक आडवी काळपट पट्टी आहे, तिथं आम्ही हात थांबवून चहा प्यायलो होतो. ती पट्टी काढून टाकता आली असती पण मुद्दाम ठेवलीय, कुणाला काही समजावायचं झालं की तिथं बोट ठेवतो, जास्त बोलावं लागत नाही.

पेंट आणि स्टेन एक नव्हे

पेंट वर बसतो आणि खालचं सगळं झाकतो. स्टेन आत मुरतो, आणि लाकूड जिथं जास्त पितं तिथं गडद, कमी पितं तिथं फिकट. जुन्या भिंतीला चुना मारताना बघा, जिथं पोपडा निघालाय तिथं भिंत ढसाढसा पिते आणि बाकी ठिकाणी चुना वरच राहतो, तसंच. म्हणून एकसारखा रंग पाहिजे असेल तर डब्यापेक्षा लाकडाकडे जास्त बघायला लागतं. लाकडाला ओरखडा असेल, फेविकॉलचा थेंब असेल, रंध्याची लाट असेल, स्टेन ते लपवत नाही, उलट चारचौघात दाखवतो.

कुठलं लाकूड किती पितं

साग तसा समजूतदार. दांडेलीकडचा जुना साग असेल तर विचारायलाच नको, रंग छान बसतो. फक्त सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वरचा पॉलिशचा कोट कधीकधी नीट वाळत नाही, म्हणून लावायच्या आधी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने एकदा पुसून घ्या आणि थिनर उडाला की लगेच काम सुरू करा. दुसरी अडचण सालीजवळच्या पांढऱ्या भागाची. गाभा सोनेरी तपकिरी आणि कडेची पट्टी पांढरट, एकाच स्टेनने दोन्ही एक होत नाहीत, त्या पांढऱ्या पट्टीला आधी पातळ हात देऊन गाभ्याच्या जवळ आणायचं आणि मग सगळीकडे एकच कोट. जुन्या घराचे खांब, चौकट, झोपाळ्याची फळी असं काही असेल तर आधीचं पॉलिश पूर्ण निघालं पाहिजे, अर्धवट राहिलं की तिथं स्टेन आत जातच नाही.

पाइन मात्र हट्टी. त्याच्या वाढीच्या प्रत्येक वळीत एक मऊ फिकट पट्टी असते आणि एक कडक गडद. मऊ पट्टी जास्त पिते, म्हणून स्टेन लावल्यावर फिकट होतं ते गडद होतं आणि गडद होतं ते फिकट राहतं, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं. वर ढगासारखे डाग येतात ते वेगळेच. ह्यात तुमचा हात वाईट नाही, लाकूडच तसं आहे, पण त्याला उपाय आहे. स्टेनच्या आधी एक अगदी पातळ कोट द्यायचा म्हणजे मऊ भागाची तहान थोडी भागते. तयार प्री-स्टेन मिळतं, नाहीतर मेण काढलेला चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून घ्या, एक लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्यापेक्षा घट्ट नको. साधा चपडा नको म्हणतोय कारण त्यात मेण असतं आणि वर पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) मारणार असाल तर ते धरत नाही. कोट वाळला की बारीक पेपरने नुसतं कुरवाळल्यासारखं घासायचं. ह्याने रंग थोडा फिका येतो हे आधीच धरून चाला. हे सगळं नको असेल तर जेल स्टेन घ्या, तो घट्ट असतो, आत कमी जातो, त्यामुळे पाइनवर डाग कमी.

विनियर प्लायला जास्त सांगत नाही. वरचा थर कागदासारखा पातळ आहे, मशीन लावू नका, हाताने 180 नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात पुरे.

घासायचं काम, इथंच निम्मा निकाल लागतो

पॉलिश पेपर 80 किंवा 100 ने सुरू, मग 120, मग 180, नंबर मोठा तसा पेपर बारीक. मधला नंबर गाळू नका, 80 चे ओरखडे 180 ने निघत नाहीत आणि कोरड्या लाकडावर दिसतही नाहीत, स्टेन पडला की मांजराने बोचकारल्यासारखे उठून येतात. शेवटचा हात नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा नाही. गोल फिरणारं मशीन वापरलं असेल तर शेवटी हाताने एकदा घासा, नाहीतर सगळीकडे बारीक जिलब्या दिसतील.

आणि काहीजण हौसेने 320, 400 पर्यंत घासतात, आरशासारखं करतात. नको. एवढं गुळगुळीत झालं की स्टेन आत जायला वाट राहत नाही आणि रंग फिका पडतो. सगळ्या फळ्या एकाच नंबरावर थांबल्या पाहिजेत, एक 120 वर आणि शेजारची 220 वर असं केलं तर एकाच डब्यातून दोन रंग निघतील. फक्त कापलेली टोकं वेगळी. फळीचं टोक म्हणजे नळ्यांची तोंडं उघडी, ती बेसुमार पितात आणि काळी पडतात, म्हणून टोकं मुद्दाम 220-320 पर्यंत घासा किंवा त्यांना तो पातळ चपड्याचा हात द्या.

फेविकॉल. ह्यावर आमचं मेस्त्रींशी कायम भांडण. सांध्यातून बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने सारवला की तो लाकडात बसतो, वाळल्यावर दिसत नाही आणि स्टेन मारला की तिथं पांढरा डाग. थोडा घट्ट होऊ द्या, मग पटाशीने खरवडून काढा. सगळं घासून झालं की थिनरने किंवा टर्पेंटाईनने एकदा पूर्ण पृष्ठभाग ओला करा आणि खिडकीकडे तिरकं धरून बघा, गोंद कुठे आहे, ओरखडा कुठे आहे, सगळं त्या दोन मिनिटात दिसतं. ही एक गोष्ट जरी केलीत तरी निम्मे लोक परत येणार नाहीत, आम्हाला धंद्याला तोटा झाला तरी चालेल. खिळ्याच्या भोकात भरलेली लांबी (पुट्टी) पण स्टेन तसा घेत नाही, शक्यतो स्टेन झाल्यावर रंग जुळवून भरा.

लावायचं कसं

डबा हलवू नका, ढवळा. सपाट काठीने तळ खरवडून, आणि कामाच्या मधेमधे परत. दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एका मोठ्या डब्यात एकत्र करा आणि मगच सुरू करा (आमचं काउंटर आठवा). एका लिटरात साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट होतात, लाकूड कोरडं असेल तर कमी, म्हणून थोडा जास्तच घ्या, मधे संपला तर दुसऱ्या दिवशीचा डबा तोच रंग देईल ह्याची खात्री आम्ही देत नाही.

आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर करून बघा, तेवढंच घासून, तेवढाच वेळ ठेवून, वरचा कोट सुद्धा मारून. शेड कार्डावरचा रंग कुणाच्या तरी दुसऱ्याच लाकडावरचा असतो.

मग फडक्याने किंवा ब्रशने भरपूर लावा, कंजूषी नको, आणि थांबा. आमच्याकडे येणारे हुक्केरीकडचे एक जुने बडिगेर, म्हणजे सुतार, आहेत, नवीन पोरगा लगेच पुसायला धावला की त्याला कानडीत म्हणतात, "स्वल्प तडीरी." थोडं थांबा. तेलाच्या स्टेनला दोन ते पाच मिनिटं, हवा तेवढा गडद झाला की स्वच्छ सुती फडक्याने सगळा जादा स्टेन पुसून काढायचा, शेवटचा हात रेषेबरोबर लांब. जुना बनियन सगळ्यात चांगला. लावण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, हे आम्ही रोज सांगतो आणि रोज कुणीतरी म्हणतो की गडद पाहिजे होता म्हणून पुसलंच नाही. न पुसलेला स्टेन चिकट राहतो, आठवड्याने पण हाताला लागतो आणि वरचं पॉलिश सोलून निघतं. गडद पाहिजे तर वाळल्यावर दुसरा कोट द्या.

एका वेळी एक पूर्ण फळी, एक पूर्ण दार, असं टोकापासून टोकापर्यंत घ्या. मधे फोन आला तर वाजू दे. ओली कड वाळली आणि त्यावर परत स्टेन चढला की तिथं पट्टी पडणारच. मोठं टेबल असेल तर दोघं लागा, एक लावणार आणि एक पुसणार.

पाण्याचा स्टेन घेतलात तर तो भराभर वाळतो, त्यामुळे लहान भाग घ्यायचा. शिवाय पाण्याने लाकडाची लव उभी राहते, म्हणून आदल्या दिवशी लाकूड ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि उभी राहिलेली लव 220 ने हलकी घासा.

हवेचं बघून

अथणी, चिकोडीकडची मंडळी एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात काम काढतात आणि म्हणतात स्टेन पुसायच्या आत वाळतो. सावलीत घ्या, सकाळी लवकर घ्या. उलट खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसात स्टेन वाळतच नाही. डब्यावर 24 तास लिहिलंय ते कोरड्या हवेचं, तिकडच्या जुलैत दोन-तीन दिवस धरा. पांढरं फडकं दाबून बघा, रंग आला तर अजून ओला आहे, सीलर (स्टेनवरचा पहिला पारदर्शक कोट) मारू नका. जमलं तर देव्हाऱ्याचं, चौरंगाचं काम पाऊस लागायच्या आधीच उरका, चतुर्थीच्या आठ दिवस आधी येऊन "उद्यापर्यंत वाळंल न्हवं?" विचारलं तर आमचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

बिघडलंच तर

ओलं असेपर्यंत टर्पेंटाईनच्या फडक्याने बराचसा तेलाचा स्टेन उतरतो. चिकट राहिला असेल तर त्यावर तोच स्टेन परत लावा, खालचा मऊ पडतो, मग लगेच सगळं पुसा. डागावर नुसता दुसरा कोट मारून डाग जात नाही, तोही त्याच्याबरोबर गडद होतो. पूर्ण वाळल्यावर मात्र घासून काढणं नाहीतर वरून जेल स्टेन, एवढंच उरतं.

चिंध्यांचं नीट वाचा

तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि काडी न लावता आग लागू शकते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. आणि देव्हाऱ्याचं काम देवघरातच करत असाल तर आधी निरांजन, समई विझवा, थिनरची वाफ दिसत नाही म्हणून लोक विसरतात.

दुकानात येताना मोबाईलवरचा फोटो आणू नका, आमच्या ट्यूबलाइटखाली तो वेगळाच दिसतो. त्याच लाकडाचा वीतभर तुकडा आणा, नसेल तर कपाटाचा एखादा खण काढून आणा, त्याच्या खालच्या बाजूला दोन-तीन रंग लावून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत.