रोया खोऱ्यातला शेतकरी आणि १९३८चा हुकूम

रोया नदी इटलीतल्या व्हेंतिमिल्या गावाजवळ समुद्राला मिळते. तिथून काठाकाठाने वर निघालं की थोड्याच वेळात फ्रान्स लागतो, आणि आणखी वर, घाटापलीकडे, पुन्हा इटली. १९४७च्या तहात वरची तांद आणि ला ब्रिग ही गावं इटलीने फ्रान्सला दिली, तेव्हापासूनचा हा नकाशा. बेकायदा आलेल्या माणसाला मदत करणं हा गुन्हा आहे का, यावरची युरोपातली एक मोठी कोर्टकचेरी या वेड्यावाकड्या खोऱ्यात उभी राहिली.

जून २०१५मध्ये फ्रान्सने व्हेंतिमिल्याहून येणारी समुद्रकाठची वाट अडवली. सुदान, इरिट्रिया अशा देशांतून निघून, लिबियामार्गे भूमध्य समुद्र ओलांडून आलेली माणसं सीमेलगतच्या खडकांवर सोनेरी वर्खासारख्या पातळ चादरी पांघरून बसून राहिली. नोव्हेंबरात फ्रान्सने सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली. मग काहीजण रेल्वेच्या रुळांवरून, बोगद्यांतून वर रोया खोऱ्यात शिरले. तिथे पोचलं की माणूस फ्रान्समध्ये असे खरा. पण नीसकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पोलीस उभे, त्यामुळे पुढे जायची सोय नाही.

खोऱ्यातल्या ब्रेय गावचा सेद्रिक एरू हा ऑलिव्हची झाडं आणि कोंबड्या सांभाळणारा शेतकरी. रस्त्याने चालणाऱ्यांना तो आधी गाडीत घेऊ लागला, मग त्याच्या शेतात तंबू आणि जुन्या कॅरव्हॅन उभ्या राहिल्या. पुढे तो व्हेंतिमिल्याला जाऊन माणसं आणू लागला. ऑक्टोबर २०१६मध्ये त्याने सहकाऱ्यांसह रेल्वेचं बंद पडलेलं सुट्टीचं निवासस्थान उघडून सुमारे पन्नास इरिट्रियन लोकांची सोय केली. फेब्रुवारी २०१७मध्ये नीसच्या न्यायालयाने त्याला ३,००० युरोंचा स्थगित दंड ठोठावला. ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने तो बदलून चार महिन्यांची स्थगित कैद दिली.

हा गुन्हा आला कुठून? फ्रान्समध्ये त्याचं मूळ २ मे १९३८च्या हुकुमात सापडतं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता, ज्यू पळत होते, स्पेनमध्ये यादवी पेटली होती. दालादिए सरकारने परक्या माणसाला बेकायदा शिरायला किंवा राहायला मदत करणं दंडनीय ठरवलं. युद्ध संपलं, नाझींशी हातमिळवणी केलेलं व्हिशी सरकार गेलं, १९४५मध्ये परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा आला. मदत करण्याचा गुन्हा मात्र त्यातही राहिला. आज त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३०,००० युरोंपर्यंत दंड आहे.

वास्तविक निर्वासितांसाठीचा आंतरराष्ट्रीय कायदा याच काळातल्या अनुभवातून घडला. १९५१चा जिनिव्हा करार मुळात १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांपुरता होता, आणि तो फक्त युरोपातल्या घटनांपुरता ठेवण्याची मुभाही देशांना होती. ही काळाची मर्यादा १९६७च्या प्रोटोकॉलने काढली. करार झाला तेव्हा निर्वासित म्हटलं की गोरा युरोपियन चेहराच डोळ्यांसमोर येई. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. गांधीनगरला आज जिथे सिंधी व्यापाऱ्यांची कापडाची बाजारपेठ आहे, तिथे वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. (भारताने मात्र या करारावर आजतागायत सही केलेली नाही.)

करारातली दोन कलमं महत्त्वाची. ३३वं सांगतं की जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे कोणाला परत धाडायचं नाही. ३१वं सांगतं की थेट धोक्यातून पळून आलेल्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करायची नाही. त्याला हात देणाऱ्याचं काय, यावर करार गप्प आहे, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या मौनात आहे.

शेंगेन करारामुळे युरोपातल्या देशांमधल्या आतल्या सीमा उघडल्या तसा बाहेरच्या सीमेवरचा ताण वाढला. डब्लिनच्या नियमाने, जो १९९०मध्ये ठरला आणि १९९७पासून लागू झाला, आश्रयाच्या अर्जाचा भार बहुधा पहिलं पाऊल पडलं त्या देशावर टाकला, म्हणजे इटली, ग्रीस यांच्यावर. २००२मध्ये युरोपीय संघाने बेकायदा प्रवेशाला मदत करणं सर्वत्र गुन्हा केलं. राहायला मदत करणाऱ्याला शिक्षा करण्याची सक्ती संघाच्या या नियमाने पैशाचा लोभ असेल तरच केली. सीमा ओलांडायला मदत करणाऱ्याच्या बाबतीत ती अट नाही. माणुसकीच्या नात्याने केलेल्या मदतीला सूट द्यायची की नाही, हे ज्या त्या देशावर सोडलं. माझ्या मते खरी गफलत इथे झाली: पैसे उकळणारा दलाल आणि थर्मासमधून चहा देणारी बाई एकाच कायद्याच्या दारात उभ्या राहिल्या.

समुद्रावरही हेच. २००४मध्ये ‘काप अनामुर’ या जर्मन जहाजाने ३७ जणांना वाचवलं आणि कप्तानावर इटलीत खटला झाला. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. ‘युव्हेंटा’ हे बचावजहाज २०१७मध्ये जप्त झालं, खटला २०२४मध्ये निकालात निघाला तेव्हा ते बंदरात कुजलं होतं.

एरूच्या वकिलांनी वेगळा रस्ता धरला. फ्रान्सच्या प्रत्येक नगरपालिकेवर कोरलेल्या तीन शब्दांतला तिसरा शब्द त्यांनी पुढे केला. आपल्या प्रास्ताविकेतही तो आहे. ६ जुलै २०१८ रोजी कायदे संविधानाला धरून आहेत का हे तपासणाऱ्या फ्रान्सच्या संविधान परिषदेने निकाल दिला की बंधुता हे संवैधानिक मूल्य असलेलं तत्त्व आहे, आणि त्यातून माणुसकीच्या हेतूने दुसऱ्याला मदत करण्याचं स्वातंत्र्य निघतं, समोरचा देशात कायदेशीर आहे की नाही हे न पाहता. तोवर अन्न, निवारा, औषधोपचार यांना सूट होती. गाडीतून नेण्याला नव्हती. ती फट बुजली. मे २०२०मध्ये ल्योंच्या न्यायालयाने एरूला निर्दोष ठरवलं आणि मार्च २०२१मध्ये सर्वोच्च पातळीवर त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याच्या शेतावर २०१९पासून गरजूंना आसरा देणाऱ्या एमाउस चळवळीची शेती करणारी वसाहत आहे.

निकालाची दुसरी बाजू बातम्यांत कमी आली. प्रवेशाला केलेली मदत परिषदेने या सवलतीतून वगळली. देशात शिरवणं म्हणजे बेकायदा परिस्थिती निर्माण करणं, असा तिचा युक्तिवाद. म्हणजे ब्रेयच्या स्टेशनाबाहेर थकलेल्या पोराला गाडीत घेणं आता गुन्हा नाही. तीच गाडी खालून, व्हेंतिमिल्याहून निघाली असेल, तर पाच वर्षं आणि ३०,००० युरो.