कार्यक्रमपत्रिकेतला ‘मांबा’ : युगांडा सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

युगांडा सहलीची कार्यक्रमपत्रिका हातात पडली की आम्हाला हमखास फोन येतो : “होडीतून मांबा बघायला नेणार? अहो, विषारी असतो ना तो?” टीव्हीवरच्या ब्लॅक मांबाची ही दहशत. तर आधीच सांगून टाकतो, आपण बघायला जातो तो साप नव्हे, मासा आहे.

युगांडाच्या गंडा लोकांच्या लुगांडा भाषेत लंगफिशला, म्हणजे फुप्फुसं असलेल्या माशाला, ‘मांबा’ म्हणतात. बोलताना ‘म’वर चांगला जोर देतात, ‘एम्मांबा’ असं ऐकू येतं. अंग लांबुळकं, पर म्हणजे नुसत्या लोंबत्या दोऱ्या, आणि वाढला तर लांबी दोन मीटरपर्यंत. त्याला कल्ले आहेत, पण कमजोर. खरा श्वास चालतो तो दोन फुप्फुसांवर. वर येऊन हवा घेता आली नाही तर हा मासा पाण्यात गुदमरून मरतो.

त्याची ही गरज शूबिल या बुटासारख्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याला पक्की ठाऊक असते. एंटेबेच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माबांबाची दलदल आहे. २००६ पासून ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे लाकडी होडीतून आपण पपायरस या उंच पाणगवताच्या गचपणात शिरतो. शूबिल तासन् तास हलत नाही. मासा श्वासाला वर आला की शूबिल सगळं अंग पाण्यावर झोकून देतो. चोचीत माशाबरोबर मूठभर शेवाळ-गवतही येतं. मग मान हलवत हलवत तो गवत गाळतो, मासा मात्र सुटू देत नाही. कॅमेरा तयार ठेवा आणि कृपा करून होडीत उभे राहू नका. शूबिल दिसला की जाळं रिकामं येतं, अशी इथल्या कोळ्यांची जुनी समजूत. त्यापायी पूर्वी हे पक्षी मारलेही जात. आता त्यातलेच काही जण पर्यटकांना शूबिल दाखवतात.

युगांडाला केनिया जोडून घेणाऱ्यांचा गोंधळ आणखी वाढतो. स्वाहिलीत ‘मांबा’ म्हणजे मगर. मारा नदीच्या काठावर ड्रायव्हर “मांबा!” म्हणाला तर मासा शोधत बसू नका. केनियातल्याच किसुमूकडचे लुओ लोक लंगफिशला ‘कामोंगो’ म्हणतात. सापाचं नाव आलं ते दक्षिणेकडून, झुलू भाषेतल्या ‘इमांबा’वरून. युगांडाच्या जंगलांत जेमसनचा मांबा हा हिरवट, झाडांवर राहणारा साप आहे, हे लपवत नाही. जंगलातल्या पायवाटेवर गाईडच्या मागेच चाला, एवढं पुरे.

या शब्दाचा चौथा अर्थ आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे आपल्या वागण्याचा प्रश्न येतो. गंडा समाजात पन्नासहून अधिक कुळं आहेत आणि ‘मांबा’, म्हणजे लंगफिशचं, हे त्यांतलं फार मोठं कूळ. कुळाचं चिन्ह असलेल्या प्राण्याला ‘ओमुझिरो’ म्हणतात. आपल्याकडच्या देवकाशी ताडून बघा, लगेच उमगेल : तो प्राणी खायचा नाही, मारायचा नाही. कुळप्रमुखाला ‘गाबुंगा’ म्हणतात, आणि पूर्वी कबाका म्हणजे राजाच्या होड्यांचा ताफा त्याच्या हाताखाली असे. मुलांना कूळ वडिलांचं मिळतं. राजघराण्यात मात्र कबाका आईचं कूळ घेतो.

तेव्हा गाईड किंवा नावाडी “मी मांबा” म्हणाला तर हसू नका. तो आपलं कूळ सांगतो आहे. उलट तुमचं कूळ विचारलं तर मोकळेपणाने सांगा, गप्पा छान रंगतात. बाजारात धुरावलेला लंगफिश विकायला असतो. त्याचा फोटो काढण्याआधी विकणाऱ्या बाईंना विचारा आणि ‘शी’ करू नका. पूर्वी गंडा स्त्रिया हा मासा खात नसत, त्यामुळे आजही काही घरांत तो शिजत नाही.

सहलीच्या जेवणात आम्ही मांबा देत नाही. मासे खाणाऱ्यांना तिलापिया मिळेल. कुणाला मांबा चाखूनच बघायचा असेल तर आदल्या संध्याकाळी टूर मॅनेजरला सांगावं; खर्च वेगळा पडेल. शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच तशी नोंद करावी, ऐन वेळी माबांबाला भात आणि मटोके, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांशिवाय फारसं काही मिळत नाही.