देहबाह्य यकृताधार

यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त शरीराबाहेर ठेवलेल्या माणसाच्या किंवा डुकराच्या यकृतातून फिरवून परत देण्याची पद्धत. रुग्णाचे स्वतःचे यकृत सावरेपर्यंत किंवा प्रत्यारोपणासाठी यकृत मिळेपर्यंत वेळ काढणे, एवढाच तिचा हेतू. ती नित्याचा उपचार झालेली नाही.

जांघेतील किंवा मानेतील मोठ्या शिरेतून रक्त घेऊन त्यात हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, मिसळतात. पंप, ऑक्सिजनेटर आणि ३७ अंश सेल्सिअसला ठेवणारा उष्णक यांतून ते बाहेरच्या यकृताच्या धमनीत व पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेत) सोडतात. पोर्टल शिरेतला दाब कमी, साधारण ५ ते १० मिमी पारा, ठेवावा लागतो. बाहेर पडणाऱ्या रक्ताची वाट अडली तर यकृत फुगून कडक होते. पित्तनलिकेत वेगळी नळी असते. तिच्यातून पित्त येत राहणे आणि रक्तातील लॅक्टेट हे आम्ल उतरणे या यकृत काम करत असल्याच्या खुणा. पृष्ठभागावर काळपट डाग उमटू लागले की थांबण्याची वेळ आली.

खरी अडचण रक्ताची. रुग्णाचे रक्त आधीच गोठत नसते, त्यात हेपरिन. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स नळ्या-पंपाच्या परिपथात घटतात, रक्तदाब कोसळतो. यकृत निकामी झाल्यावर रक्तात साचणारा अमोनिया उतरला तरी मेंदूची सूज मागे हटेलच असे नाही.

डुकराच्या यकृताचा असा वापर १९६५ साली आयझमन व सहकाऱ्यांनी नोंदवला. माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे डुकराच्या पेशींवरील अल्फा-गॅल शर्करेवर तुटून पडतात, म्हणून ती यकृते काही तासांतच बाद होत. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुक-संपादित डुकराचे यकृत मेंदूमृत व्यक्तीच्या रक्ताभिसरणाला ७२ तास जोडून ठेवण्यात आले.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशाबरोबर गोवाही होता. अवयववाटपासाठी गोवा मुंबईच्या प्रादेशिक केंद्राशी जोडलेला आहे. मात्र पुढे प्रत्यारोपणाची सोय नसेल तर यंत्राने मिळवलेला वेळ वाया जातो. म्हणून उंदराच्या औषधातील पिवळ्या फॉस्फरसची विषबाधा झालेला रुग्ण नुसता बरळू लागला, म्हणजे मेंदूवर परिणाम दिसू लागला, तरी गोव्यातील बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून मुंबई-बेंगळुरूशी बोलणे सुरू व्हायला हवे. गुंगी वाढल्यावर हलवायचे तर आधी श्वासनलिकेत नळी घालावी. घाटात, चालत्या रुग्णवाहिकेत ते काम जमत नाही. तोवर हाताशी असलेला उपाय प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रवभाग, बदलण्याचा. त्याला दात्याचे यकृत लागत नाही.